अण्णांची प्रार्थना संपल्याबद्दल आभार

माझ्या हातून लेखी असं पाप एकच झालं. बाकीची सगळी तोंडी. तोंडी पापाचं एक बरं असतं, "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणून हात वर करता येतात. लेखी पाप माणसाला दमवतं. मला त्याने दहा महिने दमवलं, आणि तेव्हा मी ऐन पस्तिशीत होतो. आज ते केलं असतं तर त्यातच आटोपलो असतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, दर रविवारी मुलुंडला एका प्राथमिक शाळेच्या वर्गात उपासनेला जमायची. स्वतःची इमारत नव्हती. पहिलीच्या पोरांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून आम्ही मोठी माणसं देवापुढे बसायचो. फळ्यावर शनिवारचे दोनअक्षरी शब्द तसेच असायचे. चपला बाहेर व्हरांड्यात.

उपासना दीड तास चालायची, आणि त्यातली वीस मिनिटं अण्णांची असायची.

अण्णा कांजूरमार्गला एका चाळीत एकटे राहायचे. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन लांब नागपूरकडे. चाळीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवलेला माणूस. उपासनेत सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागायचं, ते काम त्यांचं. आणि सगळ्यांसाठी म्हणजे सगळ्यांसाठी. सरकारपासून सुरुवात, मग दुष्काळी भाग, संपात बसलेले गिरणी कामगार, मग मंडळीतलं एकेक घर. कुणाच्या पोराची बारावी, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाची अडकलेली बदली. माझ्यासाठी दर रविवारी एकच मागणं असायचं, "प्रभो, याच्या जिभेला आवर घाल." मंडळी मिटल्या डोळ्यांनी हसायची. मी पण हसायचो. पण जिभेला आवर घालून घ्यायचा तर निदान त्या वेळी टीव्हीवर क्रिकेटचा सामना तरी नसावा. आमच्याकडे नुकताच टीव्ही आला होता, आणि अण्णांची प्रार्थना गिरण्यांपाशी पोचायची तेव्हा तिकडे सलामीची जोडी परतलेली असायची.

आता आमच्यातली एक पद्धत सांगतो, कारण तिच्यावरच माझी वाट लागली. कुणाच्या घरात काही चांगलं झालं की एका पाकिटात आभारदान घालून ते दानाच्या पिशवीत टाकायचं. सोबत चिठ्ठी. मुलगा पास झाला, ऑपरेशन नीट पार पडलं, अशी. नाव द्यायचं नसेल तर खाली नुसतं "एक कुटुंब" लिहायचं. उपासनेच्या शेवटी सेक्रेटरी उभे राहून सगळ्या चिठ्ठ्या वाचायचे.

हे सेक्रेटरी एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. वाचन असं, की बारसं आणि मयत एकाच सुरात. ते आणि अण्णा नगरकडच्या एकाच गावचे. तरुणपणी बरोबर मुंबईत आलेले, कांजूरच्या त्याच खोलीत राहिलेले. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रात्रपाळी, म्हणून एकाच खाटेवर आळीपाळीने झोपलेले. चाळीस वर्षांत एकमेकांना "अरे"शिवाय हाक नाही.

तर त्या रविवारी, सामन्याच्या दिवशी, अण्णांची प्रार्थना बावीस मिनिटांनी संपली. मी घड्याळ बघत होतो, म्हणजे डोळे मिटलेले नव्हते, हे आणखी एक पाप. बाकावर बसल्या बसल्या मी एक चिठ्ठी लिहिली: "अण्णांची प्रार्थना अखेर संपली याबद्दल देवाचे आभार. एक कुटुंब." पाकिटात घातली. पिशवी आली, टाकली. माझा हिशोब असा की सेक्रेटरी आधी पाकिटं फोडतात, चिठ्ठी बघतील, मिशीत हसतील आणि खिशात घालतील. बाहेर व्हरांड्यात मला म्हणतील, "तूच ना रे?" मी म्हणेन, "छे!" एवढाच विनोद होता तो. व्हरांड्यापुरता.

सेक्रेटरी उभे राहिले आणि त्याच सुरात वाचले, "एका कुटुंबाकडून, अण्णांची प्रार्थना अखेर संपली याबद्दल देवाचे आभार. एका कुटुंबाकडून, मुलगी टायफॉइडमधून उठली याबद्दल देवाचे आभार."

आधी कोपऱ्यातून कुणीतरी नाकातून हसलं. मग अख्खा वर्ग. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, तरुण होते, त्यांनी रुमालात तोंड घातलं. अण्णासुद्धा हसले. मला चांगलं आठवतं, ते हसले, आणि मग खाली बघून शर्टाचं बटण लावायला लागले. बटण आधीच लावलेलं होतं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी त्यांना प्रार्थनेला बोलावलं तेव्हा अण्णा बसूनच म्हणाले, "आज दुसऱ्या कुणाला तरी सांगा." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग कुणी बोलवेनासं झालं. उपासना सव्वा तासात संपायला लागली. मला पूर्ण सामने बघायला मिळू लागले, आणि एकही बघवेना.

आता प्रभुभोजन. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूच्या मेजावरून ताट फिरायचं, त्यात भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा इवलासा काचेचा पेला. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, तयारीची सभा. त्या सभेत पाळकसाहेब दर महिन्याला तेच सांगायचे आणि मला दर महिन्याला ते नव्याने लागायचं. माणूस आणि देव यांच्यात पापामुळे जी भिंत पडली ती माणसाला पाडता आली नाही, ती ख्रिस्ताने आपल्या मरणाने पाडली. प्रायश्चित्त त्याने केलं, पुरतं केलं, त्यात आपण भर घालायची नाही. देवाने समेट केलाय, आपण तो घ्यायचा. पण ज्याला देवाशी समेट हवाय त्याने भावाशी भांडण ठेवून त्या मेजापाशी येऊ नये. आधी उठावं, त्याच्याकडे जावं, मग यावं.

"काय असेल ते आज रात्रीच्या आत मिटवा," पाळकसाहेब म्हणायचे, आणि सभा संपल्यावर खरंच माणसं एकमेकांकडे जायची. जावा जावांशी बोलायच्या. एकदा दोन व्याही शाळेच्या नळापाशी गळ्यात पडून रडले होते. मी मात्र बाकाखालून चप्पल शोधतोय असं दाखवत बसायचो. चपला बाहेर असायच्या, हे सांगितलंच.

मेजापाशी जायची हिंमत नव्हती आणि का जात नाही ते सांगायचीही नव्हती. मग मी एक तोडगा काढला. त्या दिवसांत व्हरांड्यातून दोन जोड गेले होते. मी पाळकसाहेबांना म्हणालो, "प्रभुभोजनाच्या वेळी मी बाहेर चपला राखतो." ते भारावले. पुढच्या उपदेशात नाव न घेता माझा उल्लेख झाला, नम्र सेवेचं उदाहरण म्हणून. इतकी लाज मला ती चिठ्ठी वाचली गेली तेव्हाही वाटली नव्हती.

देवाची क्षमा मी रोज मागत होतो. ती मिळतही असावी. पण अण्णांना सांगायचं म्हटलं की मी विषय बदलायचो. मग मी माझा स्वतःचा पंथ काढला. पाणी भरायचं. अण्णांच्या चाळीत वर प्रेशर नसायचं, नळ खाली, पाणी सकाळी तासभर. अण्णांचा गुडघा गेलेला. मी आठवड्यातून तीनदा मुलुंडहून पहाटे कांजूरला जायचो आणि दोन जिने बादल्या चढवून त्यांचा ड्रम भरायचो. शिवाय रॉकेलची रांग. शिवाय रेशन.

"का रे येतोस एवढ्या लांबून?" अण्णा विचारायचे.

"व्यायाम होतो, अण्णा."

"व्यायाम तुझ्या पोटावर दिसत नाही."

घरी बायको म्हणायची, "अहो, आपल्या मोरीतली बादली कधी हलवली नाहीत तुम्ही. आमचे बाबा आले होते तेव्हा त्यांना तांब्याभर पाणी दिलं नाहीत. काय केलंय तुम्ही त्या म्हाताऱ्याचं?"

"काही नाही गं."

"काही नाही केलेला माणूस तीनदा नाही जात."

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बोरीवलीचा एक कॅथलिक होता. एकदा दुपारी मी टेबलावरच झोपलेला बघून त्याने खोदून खोदून सगळं काढून घेतलं. मी म्हटलं, "तुमचं बरंय यार. कबुलीच्या पेटीत जायचं, जाळीमागे फादर, सांगितलं की मोकळे." त्याने आपला कागदांचा तारेचा ट्रे रिकामा केला, उभा तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "बोल बेटा." सगळं सेक्शन बघायला लागलं. मी म्हटलं, "खाली ठेव रे." ट्रे खाली घेऊन तो म्हणाला, "फादर पण हेच सांगतील ना. जा आणि त्या म्हाताऱ्याला सांग. जाळीतून कुणी सुटत नाय." मी ऐकलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी दोन बादल्या जास्त भरल्या.

असे दहा महिने. पाप एका मिनिटात लिहिलं होतं, आणि बादल्यांचं काही केल्या संपेना. सगळ्यात वाईट म्हणजे अण्णा दर खेपेला "देव तुझं भलं करो" म्हणायचे, आणि मी रिकामी बादली घेऊन जिना उतरताना मला ती भरलेलीपेक्षा जड वाटायची.

मग अण्णांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आणि तपासणीला न्यायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. आम्ही बाहेरच्या बाकावर नंबराची वाट बघत बसलो होतो. अण्णांच्या एका डोळ्यावर हिरव्या कापडाची पट्टी, दुसऱ्यातून त्यांना आधीच धूसर दिसायचं. महिना संपत आलेला. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "अण्णा, रविवारी प्रभुभोजनाला याल ना? मी न्यायला येतो."

"येईन. पण घेणार नाही."

"काय घेणार नाही?"

"पेला. दहा महिने नाही घेतला. तू बाहेर चपला राखतोस, तुला काय कळणार? ताट माझ्यापाशी येतं, मी पुढे देतो."

मला वाटलं, माझ्या कानात पाणी गेलंय. मी विचारलं, "का, अण्णा?"

"त्याला माफ करता येत नाही म्हणून."

"कुणाला?"

"तुझ्या सेक्रेटरीला. त्याने लिहिली ती चिठ्ठी. कमिटीत दोनदा मला म्हणाला होता, थोडक्यात आटप. मी ऐकलं नाही. मग असं केलं. त्याने. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी पण हसून सोडून दिलं असतं रे. घरी गेलो नाही त्याच्या तेव्हापासून. तो आला तर दार उघडलं नाही. छापखान्यात ओळ उलटी जुळवावी लागते. ती ओळ मी अजून रोज उलटी जुळवतो. झोप लागेपर्यंत."

तर असं होतं. मी दहा महिने पाणी भरत होतो, आणि तिकडे दोन म्हाताऱ्यांची चाळीस वर्षांची दोस्ती माझ्या एका ओळीने मोडून पडली होती. अण्णा माझ्यामुळे त्या मेजापासून लांब बसले होते. मी चपला राखत होतो!

"अण्णा," मी म्हणालो, "ती मी लिहिली."

नर्सने कुणाचा तरी नंबर पुकारला. तो आमचा नव्हता.

"सामना होता," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे. जगातल्या सगळ्या पापकबुल्यांत इतकी फालतू कबुली नसेल.

"मला दिसत नाही तेव्हा सांगतोयस?"

"हो."

"आणि ते पाणी?"

"प्रायश्चित्त म्हणून."

अण्णांनी पट्टीवर हात ठेवला, जणू डोळा दुखला. "गाढवा," ते म्हणाले, "प्रायश्चित्त एकाने केलंय. वधस्तंभावर. ते तुझ्या बादल्यांवाचून अडलं होतं का? तुला फक्त तोंड उघडायचं होतं. एरवी बंद होत नाही ते. तू माझा ड्रम भरलास आणि माझा माणूस घालवलास."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "आत्ता नाही होत. बघू." मग त्यांचा नंबर आला. डॉक्टरांनी डोळा बघितला, छान आहे म्हणाले. बाहेर आल्यावर अण्णांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "त्याच्याकडे ने. आत्ता."

सेक्रेटरी भांडुपला राहायचे. दार त्यांनीच उघडलं, अंगात बनियन, हातात अर्धी भाकरी. हिरवी पट्टी बांधलेले अण्णा दारात बघून ते भाकरीसकट मागे सरले.

अण्णा बसले नाहीत. "चिठ्ठी तू लिहिली नाहीस," ते म्हणाले.

"दाराबाहेर उभा राहून ओरडलो होतो तेच. तू ऐकलंस?"

"याने लिहिली."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. "तू? चपला राखतोस तू?" मी मान खाली घातली. मला वाटलं आता शिव्या बसतील, आणि खरं सांगतो, मला हव्या होत्या. पण सेक्रेटरी खाटेवर बसले, भाकरी बाजूला ठेवली आणि बराच वेळ हात पुसत राहिले.

"ऐक," ते अण्णांना म्हणाले. "लिहिली याने. पण वाचायच्या आधी मी बघितली होती. उपदेश चालू असताना पाकिटं फोडतो मी, तुला माहीत आहे. खिशात घालता आली असती. नाही घातली. मला हसू आलं, वाटलं, वाचावी. तुला एकदा कळेल. माझ्या वाचण्यावर कोण संशय घेणार? मी सगळंच तसं वाचतो."

सेक्रेटरींची बायको आतून चहा घेऊन आली, आमचे चेहरे बघून कप तिथेच ठेवून परत गेली.

"लांब वाटत होती तर सांगायचंस," अण्णा म्हणाले.

"दोनदा सांगितलं."

"कमिटीत सांगितलंस. घरी नाही."

"घरी सांगायची भीती वाटली."

"माझी? एका खाटेवर झोपलोय आपण."

"म्हणूनच."

अण्णा खाली बसले. मग त्यांनी हात पुढे केला, पण एका डोळ्याने नीट अंदाज येईना, हात हवेतच फिरला. सेक्रेटरींनी तो धरला. तसेच बसले दोघं, चहावर साय धरेपर्यंत. मी भिंतीला टेकून उभा. मला कुणी बस म्हणेना, आणि ते बरोबरच होतं.

शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "प्रार्थना कर, अण्णा."

"तू कर."

"मला कागदाशिवाय येत नाही."

"मग येते ती म्हण."

प्रभूने शिकवलेली प्रार्थना आम्हाला लहानपणापासून पाठ. आम्ही तिघांनी ती म्हटली. जशी आम्हीही आपल्या अपराध्यांना क्षमा केली आहे तशी तू आमच्या अपराधांची क्षमा कर, त्या ओळीशी अण्णा थांबले. सेक्रेटरीही थांबले. मीही थांबलो, घाबरून. मग अण्णांनी ती ओळ हळूहळू, एकेक शब्द उचलून ठेवावा तशी म्हटली. ती माझ्यासाठीही होती की नाही ते मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी मी सवयीने पहाटे कांजूरला गेलो. अण्णांनी दार उघडलं, माझ्या हातातली बादली बघितली आणि म्हणाले, "आता काय केलंस?"

"काही नाही, अण्णा."

"मग आत ये. आधी चहा घे."

तेवढ्यावरून मी समजलो ते समजलो.

त्या रविवारी व्हरांड्यात चपला तशाच सोडून मी दहा महिन्यांत पहिल्यांदा प्रभुभोजनाला आत बसलो. सेक्रेटरी ताट घेऊन आले. अण्णांनी पेला घेतला, दोन्ही हातांनी, सांडू नये म्हणून. मग ताट माझ्यापर्यंत आलं. मला वाटलं होतं की काहीतरी मोठं वाटेल, रडू येईल. तसलं काही झालं नाही. द्राक्षरस कोमट होता आणि मी फार थकलेलो होतो, इतकंच. पण पेला मी पुढे सरकवला नाही.

मग पाळकसाहेबांनी सगळ्यांसाठी प्रार्थना करायला अण्णांना बोलावलं. त्यांना कुणी सांगितलं होतं की त्यांनी आपलं आपणच ओळखलं, माहीत नाही. अण्णा त्या छोट्या बाकाला धरून उठले. मी डोळे मिटले, घट्ट, आणि मनात म्हटलं, आज तास लागू दे.

"देवा," अण्णा म्हणाले, "आम्ही सगळे आलोय. तू बघून घे. आमेन."

आणि बसले.

कुणी हसलं नाही. मी डोळे मिटूनच राहिलो, पुढचं येईल म्हणून. सरकार, दुष्काळ, बारावीची पोरं, माझी जीभ. पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला, माणसं उठून गायला लागली, तरी मी तसाच बसून होतो.